स्वतंत्र गायिका: कुणापासून स्वतंत्र?

(स्वतःची गाणी स्वतः लिहून गाणाऱ्या मुलींच्या, नागपुरात झालेल्या एकदिवसीय मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळच्या ओळखीच्या फेरीत तुमच्यापैकी पाच-सहाजणींनी स्वतःची ओळख 'इंडी सिंगर' अशी करून दिली. माझ्या शेजारी आमच्या जुन्या कार्यकर्त्या बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "इंडी म्हणजे ते विजापूरकडचं गाव ना? इतक्या लांबून आल्या पोरी?" त्यांना मी समजावून सांगितलं की इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. ही मुलगी सिनेमासाठी गात नाही. कुठल्या कंपनीनं तिला बांधून घेतलेलं नाही. शब्द तिचे, चाल तिची, गळा तिचा, आणि रेकॉर्डिंगही तिच्याच खोलीत, खिडकीला गोधडी लावून. त्यावर त्या म्हणाल्या, "मग आमच्या आईचं काय वेगळं होतं? जात्यावर तेच तर करत होती."

आज मला जे बोलायचं आहे ते बरंचसं या एका वाक्यात आलं आहे. पण मला इतका वेळ दिला आहे, तर थोडं विस्तारानं बोलते.

'स्वतंत्र' हा शब्द मला आवडतो, पण तो ऐकला की बायकांच्या चळवळीत इतकी वर्षं काढलेल्या माझ्यासारखीच्या तोंडून लगेच पुढचा प्रश्न येतो. कुणापासून स्वतंत्र? कंपनीपासून, एवढंच असेल तर आपल्या बायका शेकडो वर्षं स्वतंत्र गायिकाच होत्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी कितीतरी वर्षं गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं झाली आणि एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आज त्या 'परी'च्या संग्रहात ऐकायलाही मिळतात. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेबांवरच्या ज्या ओव्या मिळाल्या त्या जरूर ऐका. शाळेत न गेलेल्या बायांनी घटना, शिक्षण, बुद्ध हे सगळं दोन ओळींच्या मापात बसवलं आहे. यातली प्रत्येकजण लिहिणारी, चाल धरणारी आणि गाणारी. पण स्वतंत्र? पहाटे उठून दळलं नाही तर घरात भाकरी नाही, म्हणून ती जात्याशी बसलेली. गाणं हे त्या कष्टाला लावलेलं तेल होतं. आणि जात्याजवळ दुसरं कुणी नसायचं, म्हणून तर तिला सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, बापानं दूर देशी दिल्याबद्दल मोकळेपणी बोलता आलं. पुढे पिठाची गिरणी आली. ती यायलाच हवी होती, जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा पायलीभर ज्वारी दळून बघावी. पण कष्टाबरोबर गाण्याची ती जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी जागा बायकांना कुणी दिली नाही.

आपल्या विदर्भात मुलींना एक मंच मात्र हमखास मिळतो. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाई. इथल्या कितीजणींनी टिपऱ्या घेऊन दारोदार गाणी म्हटली आहेत? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळ्याच. गाणी म्हणायची, खाऊ ओळखायचा, पुढच्या घरी जायचं. कुणी म्हणत नाही की आवाज खाली ठेव, कुणी विचारत नाही की एवढ्या संध्याकाळी कुठे चाललीस. आणि मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की एक दिवस आई सांगते, यंदा नको जाऊस, आता मोठी झालीस. तुमच्या भाषेत सांगायचं तर आपल्याकडे गायिकेची कारकीर्द सातव्या वर्षी सुरू होते आणि तेराव्या वर्षी संपते. जिची त्यानंतरही चालू राहिली तिची गोष्ट म्हणून सांगण्यासारखी असते.

अशी एक गोष्ट सांगते. ती नागपूरची नाही, पुण्याची आहे. पण जिचा आवाज आपल्या वस्त्यांमध्ये ओळखीचा आहे अशी गायिका आहे, शीतल साठे.

पुण्यात भवानी पेठेत कासेवाडी नावाची झोपडपट्टी आहे. शीतल तिथे वाढली. २००२ मध्ये गुजरातमध्ये हिंसाचार झाला आणि त्यानंतर पुण्यात अमरनाथ चंडालिया यांनी कबीर कला मंच सुरू केला. कॉलेजातली आणि वस्तीतली मुलं-मुली एकत्र यायची, गाणी बसवायची, पथनाट्यं करायची आणि रस्त्यावर, वस्तीत, कॉलेजच्या आवारात ती सादर करायची. तिकीट लावून कार्यक्रम करणारा हा गट नव्हता. शीतल त्यात आली. तिच्याबरोबर सचिन माळी हा कवी, पुढे तो तिचा जोडीदार झाला. बरीच गाणी त्याच्या शब्दांची आहेत हे खरं. पण शीतल स्वतःही लिहिते, चाली लावते. हे मी मुद्दाम सांगते, कारण नवरा-बायको दोघं एका कामात असली की लोक परस्पर वाटणी करून टाकतात: डोकं त्याचं, गळा तिचा.

तिचं गाणं जर तुम्ही पाहिलं असेल, आणि पाहिलं म्हणते, नुसतं ऐकलं असेल असं नाही, तर एक गोष्ट लक्षात आली असेल. पोवाडा हा आपल्याकडे पुरुषी प्रकार समजला जातो. पुढे शाहीर, हातात डफ, मागे झीलकरी 'जी जी' करणारे. विदर्भातली खडी गंमत आठवा. तिथे तर बाईची भूमिकासुद्धा पुरुष नाच्या करायचा. जलशांमध्येही बहुतेक ठिकाणी बाईचं सोंग पुरुषच घ्यायचे. बाबासाहेबांचा विचार गावोगाव पोहोचवणाऱ्या जलशांचं मोल मी कमी करत नाही. पण याच नागपुरात २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद झाली. हजारोंनी बायका आल्या, ठराव त्यांनी मांडले, भाषणं त्यांनी केली. व्यासपीठावर बाई बोलू लागली होती, तरी गाण्याच्या फडात तिचं सोंगच उभं होतं. शीतलच्या बाबतीत चित्र उलटं आहे. पुढे ती, आणि मागे झील धरायला तरुण मुलगे. ती सूर वर नेते आणि ते तिच्या मागून येतात. हा बदल कुणी ठराव करून केलेला नाही. गाणं तिचं जोरकस होतं म्हणून ती पुढे आली.

२९ सप्टेंबर २००६ ही तारीख इथे कुणाला सांगायला नको. खैरलांजी आपल्यापासून किती लांब? भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. सुरेखा आणि प्रियंका भोतमांगे, रोशन आणि सुधीर. त्यानंतर महाराष्ट्रभर जो संताप उसळला त्यात भाषणांइतकंच काम गाण्यांनी केलं. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट २०११ मध्ये पूर्ण झाला, चौदा वर्षांचं चित्रीकरण त्यात आहे. जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दहा माणसं मारली गेली आणि काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली, तिथून तो सुरू होतो. खैरलांजी त्यात आहे. शीतल त्यात गाताना दिसते, तिची आईही बोलते. गाणाऱ्या मुलीच्या आईला कॅमेऱ्यासमोर इतका वेळ बोलू दिलेलं मी फार कमी वेळा पाहिलं आहे. एरवी आईचं काम म्हणजे बक्षीस मिळाल्यावर पदरानं डोळे पुसणं.

मात्र तो माहितीपट लोकांसमोर आला तेव्हा शीतल लोकांसमोर नव्हती. २०११ मध्ये कबीर कला मंचाच्या काही जणांना दहशतवादविरोधी पथकानं अटक केली. माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप होता, कायदा बेकायदा कृत्यं प्रतिबंधक. मंचाच्या लोकांनी तो आरोप नाकारला. शीतल, सचिन आणि इतर काहीजण भूमिगत झाले. ३१ जानेवारी २०१३ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ठिपसे यांनी आधी अटक झालेल्या दीपक डेंगळे आणि सिद्धार्थ भोसले यांना जामीन दिला. एखाद्या विचाराबद्दल सहानुभूती असणं आणि बंदी असलेल्या संघटनेसाठी प्रत्यक्ष काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा त्या निकालाचा आशय आहे. मग २ एप्रिल २०१३ रोजी शीतल आणि सचिन मुंबईत विधानभवनासमोर हजर झाले. हे आत्मसमर्पण नाही, अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी सत्याग्रह आहे, असं त्यांनी सांगितलं. शीतल तेव्हा गरोदर होती. सत्र न्यायालयानं जामीन नाकारला. जूनच्या अखेरीस उच्च न्यायालयानं दिला. सचिनला आणि सागर गोरखे, रमेश गायचोर यांना जामीन मिळाला तो थेट सर्वोच्च न्यायालयातून, जानेवारी २०१७ मध्ये. म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक काळ तान्हं मूल, तुरुंगातला नवरा आणि न्यायालयाच्या तारखा हे सगळं तिनं ओढलं. आणि ती गात राहिली. पुढे 'नवयान महाजलसा' उभा राहिला. २०२० मध्ये मंचाच्या ज्योती जगताप, सागर आणि रमेश यांना भीमा कोरेगावच्या प्रकरणात अटक झाली, तीही याच गोष्टीची पुढची पानं.

खटल्यांवर मी इथे निकाल देत बसणार नाही. शीतलची सगळी राजकीय मतं इथल्या प्रत्येकीला पटावीत असंही मला वाटत नाही, मलाही सगळी पटत नाहीत. मला बोलायचं आहे ते दुसऱ्या गोष्टीबद्दल. त्या वर्षांतली वर्तमानपत्रं काढून बघा. ती गरोदर आहे हे सगळ्यांना ठाऊक, नवरा कोण हे ठाऊक, कुठे लपली होती याची चर्चा. तिचं गाणं कसं आहे, ती चाल कशी बांधते, पोवाड्याच्या ठेक्यात ती काय बदल करते, हे लिहिणारा माणूस विरळा. गाणाऱ्या पुरुषाला अटक झाली तर 'शाहिराला अटक' म्हणतात. बाईला झाली तर आधी तिचं पोट दिसतं. गायिकेच्या उमेदीची वर्षं, जेव्हा आवाज तयार होतो, माणसं ओळखू लागतात, नवीन गाणी सुचतात, ती तिची भूमिगत राहण्यात आणि न्यायालयाच्या पायऱ्यांवर गेली. त्यातलं जे गाणं झालंच नाही त्याची नोंद कुणाकडे असणार?

आता कुणी म्हणेल, आम्ही काही क्रांतीची गाणी लिहीत नाही. आमची गाणी पावसाची, मैत्रिणीची, हॉस्टेलच्या खिडकीची, एखाद्या मुलाची. मला ते मान्य आहे. प्रेमाचं गाणं लिहिणाऱ्या मुलीला पोलीस शोधत येत नाहीत. घरचेच येतात. "हे कुणाबद्दल लिहिलंस?" हा प्रश्न इथे बसलेल्या किती जणींना विचारला गेला आहे? सुरेश भट याच गावात राहिले, ग्रेस याच गावात राहिले. त्यांच्या प्रेमाच्या कविता लोकांनी डोक्यावर घेतल्या आणि त्यांना घरी बसवून कुणी विचारलं नाही की ही कोण. पुरुषानं 'मी' म्हटलं की तो कवितेतला 'मी' असतो. बाईनं 'मी' म्हटलं की तो थेट तिचा जबाब धरतात. ओवीतल्या बाईनं यावर उपाय काढला होता. ती नावानिशी बोलत नाही, 'बाई' म्हणते, 'सई' म्हणते, 'शेजी' म्हणते. तुम्हीही काढाल. पण उपाय काढायला लागतो एवढं ध्यानात ठेवा, आणि तो काढताना गाण्यातला नेमका शब्द मरू देऊ नका.

दुसरा एक रस्ता आहे, दूरदर्शनवरच्या स्पर्धेचा. हिंगणघाटची आपली वैशाली म्हाडे मराठी 'सारेगमप' जिंकली आणि २००९ मध्ये हिंदीही. त्या वेळी विदर्भातल्या कितीतरी घरांत गाणाऱ्या मुलीकडे बघण्याची नजर बदलली, हे मी स्वतः पाहिलं आहे. पुढे २०१५ मध्ये 'पिंगा' तिनं श्रेया घोषालबरोबर गायलं. तिचं यश खरं आहे आणि ते तिच्या कष्टांचं आहे. पण त्या रस्त्यावर मुलीला दुसऱ्याचं गाणं दुसऱ्यासारखं गाऊन दाखवावं लागतं. स्वतः लिहिणाऱ्या मुलीसाठी त्या मंचावर खुर्चीच ठेवलेली नसते. पंजाबात जालंधरच्या गिन्नी माहीचं उदाहरण तिसऱ्या प्रकारचं. ती लहानपणापासून गाते, बाबासाहेबांवर आणि गुरू रविदासांवर गाते, आणि २०१६ च्या सुमारास देशभर माहीत झाली. तिचे वडील तिच्या कार्यक्रमांची सगळी व्यवस्था बघतात. बाप पाठीशी उभा राहिला की मुलगी कुठवर जाते ते त्यात दिसतं. ज्यांचा बाप पाठीशी नाही त्यांनी काय करायचं, हे मात्र त्यात दिसत नाही. म्हणून तर आपण अशा मेळाव्यांत जमतो.

आता पैशाचं बोलते. यावर बायका बोलत नाहीत, लाजतात. गाण्याचे पैसे मागणं म्हणजे काहीतरी कमी दर्जाचं, असं आपल्या डोक्यात कुणीतरी घालून ठेवलं आहे, आणि ते कुणी घातलं हे आपल्याला माहीत आहे. गाण्याचे पैसे घेणारी बाई म्हणजे कोण, हे समाजानं शेकडो वर्षं ठरवून ठेवलं होतं.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पूर्वी कॅसेटची दुकानं लागायची. प्रत्येक दुकानाचा भोंगा वेगळा, दहा पावलांवर गाणं बदलायचं. त्याआधी कव्वालीचे सामने. आपल्या नागोराव पाटणकरांचं नाव कोण विसरेल? सामन्यात गायक विरुद्ध गायिका असली की गर्दी दुप्पट. गायिका पुरुषाला सवाल टाकायची, त्याची फिरकी घ्यायची, टाळ्या पडायच्या. पण तिच्या तोंडचा सवालही बहुतेक वेळा कुणा पुरुष कवीनं लिहून दिलेला असायचा. कॅसेट निघाली की गायिकेला एकदाच काय ते पैसे हातात द्यायचे, पुढे कॅसेट हजार खपो की लाख. सहीसुद्धा नाही, तोंडी सगळं. ज्या बाईच्या आवाजावर दुकानं चालली तिला म्हातारपणी औषधाला पैसे नव्हते, अशा गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत.

तुमचं तसं होऊ नये म्हणून कायद्यातल्या चार गोष्टी सांगते. वही काढा.

तुम्ही शब्द लिहिले आणि चाल बांधली त्या क्षणापासून ते तुमचे आहेत. त्यासाठी कुठेही नोंदणी करावीच लागते असं नाही. कागदावर उतरवलेलं किंवा मोबाइलमध्ये गाऊन ठेवलेलं, तारखेसह जपून ठेवा. पुढे वाद झाला तर नोंदणीचा उपयोग होतो. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयात शब्दांसाठी पाचशे रुपये, चालीसाठी पाचशे आणि ध्वनिमुद्रणासाठी दोन हजार असं शुल्क आहे. हा हक्क तुम्ही असेपर्यंत तुमचा आणि नंतर साठ वर्षं तुमच्या वारसांचा. वारस म्हणजे मुलीसुद्धा, हे मी मुद्दाम सांगते.

कुणी गाणं विकत मागितलं तर तोंडी देऊ नका. कायदाच म्हणतो की हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. करारात किती वर्षांसाठी हे लिहिलं नसेल तर तो पाच वर्षांचा धरला जातो. कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारतापुरता. म्हणून समोरचा माणूस 'कायमचा', 'संपूर्ण विश्वात' असे शब्द घालून आणतो. ते वाचून गंमत वाटते, मंगळावर आपलं गाणं कोण ऐकणार? पण सही करण्याआधी त्या शब्दांवर काट मारायची हिंमत ठेवा. आणि २०१२ मध्ये कायद्यात जी दुरुस्ती झाली ती पाठच करा. गीत लिहिणाऱ्याचा आणि चाल देणाऱ्याचा मानधनातला वाटा, म्हणजे ज्याला रॉयल्टी म्हणतात तो, करारानं काढून घेता येत नाही. 'मी रॉयल्टीवरचा हक्क सोडते' असं लिहून दिलंत तरी ते कायद्यात टिकत नाही. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचं काम आयपीआरएस ही संस्था बघते. ती १९६९ पासून आहे, तिचं सभासद होता येतं. नुसतं गाणाऱ्यांसाठी इसरा ही वेगळी संस्था २०१३ मध्ये सुरू झाली. लता मंगेशकरांनी साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून भांडण मांडलं, त्यापायी मोहम्मद रफींशी त्यांचं काही वर्षं एकत्र गाणं बंद होतं. लताबाईंना हट्टी म्हणणारे लोक अजून भेटतात. कायद्यानं गायकांचा हा हक्क मान्य केला तो पन्नास वर्षांनी.

यूट्यूबवर एक हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तास ऐकलं जाणं, एवढं झाल्यावर जाहिरातींतला वाटा सुरू होतो. तो सुरू झाला म्हणून घर चालत नाही, हे इथल्या दोघी-तिघी सकाळी बोलल्याच. पण खातं कुणाच्या नावावर आहे हे बघा. भावाच्या ईमेलवर, मित्राच्या बँकखात्यावर काढलेली खाती मी पाहिली आहेत. भांडण झालं की तो परवलीचा शब्द बदलतो आणि मुलीची तीन वर्षांची गाणी त्याच्या खिशात जातात.

लिहिणाऱ्याच्या हक्काचं मोल काय असतं याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. ट्रेसी चॅपमन ही कृष्णवर्णीय गायिका, गिटार घेऊन एकटी गायची. १९८८ मध्ये तिचं 'फास्ट कार' आलं. शब्द तिचे, चाल तिची, दोन्हीत दुसरं कुणी नाही. २०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्स नावाच्या गोऱ्या गायकानं ते पुन्हा गायलं आणि ते तिकडच्या 'कंट्री' संगीतात पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या क्षेत्रातल्या मोठ्या संस्थेचा वर्षातल्या उत्तम गीताचा पुरस्कार मिळाला तो ट्रेसीला, कारण गीत तिचं होतं. तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. गाणं आल्यानंतर पस्तीस वर्षांनी, घरी बसून.

आपल्याकडे याच्या उलटं काय होऊ शकतं ते बहिणाबाईंकडे बघून कळतं. त्या लिहू शकत नव्हत्या. मुलानं, सोपानदेवांनी, आणि आणखी एका नातलगानं त्यातलं जमेल तेवढं उतरवून ठेवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये गाण्यांचं पुस्तक निघालं. जे उतरवलं नाही ते त्यांच्याबरोबर गेलं. मुलगा स्वतः कवी होता म्हणून एवढं तरी राहिलं.

रात्रीच्या कार्यक्रमांबद्दल दोन शब्द बोलते. इथे मुंबईची उदाहरणं शोधू नका, झाडीपट्टीत जा. दिवाळीनंतर मंडई भरायला लागली की वडसा, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात रात्री दहाला नाटक सुरू होतं ते पहाटेपर्यंत. त्यात गाणाऱ्या, काम करणाऱ्या बाया होळीपर्यंत रोज नव्या गावाला जातात. शिकलेल्या लोकांनी त्यांना नावं ठेवली. पण या बायांनी हंगामाची आगाऊ रक्कम कशी ठरवायची, गाडी कुणाची, परतायची वेळ कोणती, कपडे बदलायला आडोसा कुठे, याचे नियम स्वतः घालून घेतले. तुमच्यापैकी किती जणी कार्यक्रम घेताना विचारतात की तिथे बाईसाठी संडास आहे का? मी विचारते तेव्हा आयोजक असा बघतो जणू मी सोन्याचं सिंहासन मागितलं. चार-पाच तास पाणी न पिता गाणाऱ्या मुलींचे गळे आणि मूत्राशय दोन्ही खराब होतात. हे रियाजाच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही, म्हणून इथे सांगते.

सकाळी एका मुलीनं विचारलं होतं की घरी पटवून सांगायचं कसं. ती मागे बसली आहे, तिचं नाव घेत नाही. मला वाटतं, घर एकदम पटत नाही. घरातलं एखादं माणूस आधी पटतं. ती आजी असेल, आत्या असेल. बहुधा ती अशीच बाई निघेल जी एकेकाळी भुलाबाईत सर्वांत पुढे गायची आणि तेराव्या वर्षी थांबली. तिला तुमचं गाणं ऐकवा, आणि तिचंही ऐका. तिच्याजवळ चाली असतात, त्या कुठल्याही ॲपवर मिळत नाहीत. त्यातली एखादी चाल उचललीत तर गाण्याखाली तिचं नाव घालायला विसरू नका.

जेवणं तयार आहेत असा निरोप आला आहे, म्हणून थांबते. दुपारी दोन वाजता प्रत्येकीनं आपलं एक गाणं आणि कुणाशी झाला असेल तर करार, घेऊन बसायचं आहे. करार आमच्या वकील मैत्रीण बघतील. गाणी आपण सगळ्या मिळून ऐकू. डफ एकच आहे, तो आळीपाळीनं वापरा.